रागाचं दुखणं

माझी नणंद तफीदा रागीट आहे, हे आमच्या गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. मासळीबाजारात तिची जागा पुलाला लागून होती आणि तिचा आवाज पुलापलीकडच्या चहाच्या दुकानापर्यंत जायचा. एखाद्याने बुलती माशाच्या कल्ल्यात बोट घालून "शिळी दिसते" म्हटलं, की ती म्हणायची, "शिळी तुझी सासू! हा मासा पहाटे तळ्यातून निघालाय, तू तेव्हा घोरत होतास." लोक हसायचे आणि मासा घेऊन जायचे.

तिचा नवरा तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली. ते माहेर म्हणजे आमचं घर. माझा नवरा मेतवल्ली तिचा धाकटा भाऊ. मी नवी नवरी असताना एकदा भात करपला, तर तिने मला असं झापलं की मी चुलीमागे बसून रडले. संध्याकाळी तिनेच सगळ्यात मोठा मासा काटे काढून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "खा. रडून रडून वाळशील, मग माझ्या भावाला दुसरी शोधावी लागेल." अशी ती.

त्यामुळे तिचे सांधे धरले, तेव्हा लोकांना कारण आयतंच सापडलं. रागच भोवला, म्हणाले.

सुरुवात बोटांपासून झाली. सकाळी उठली की मुठी वळायच्या नाहीत. मग गुडघे. मग थंडीच्या दिवसांत पोटऱ्यांवर आणि घोट्यांवर जांभळे-तांबडे ठिपके उठायला लागले, कुणी सुईने टोचून टोचून रक्त काढावं तसे. दिवसभर बर्फात हात, पाय ओल्या फरशीवर, मग काय होणार, असं आम्हाला वाटलं. पण बाजारात बाकीच्या बायकाही बर्फातच बसायच्या, आणि सगळ्यांना काही असं होत नव्हतं.

मेतवल्ली तिला तालुक्याच्या गावी डॉक्टर हिल्मींकडे घेऊन गेला. मीही बरोबर होते. हिल्मी म्हणजे आमच्या भागातलं मोठं नाव. पांढरे केस, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं असं मऊ की समोरच्याने आपला आवाज आपोआप खाली आणावा. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "हाज्जा, तुमच्या रक्तात संधिवात निघालाय. आपल्या शरीरात एक फौज असते, शत्रूशी लढायला. तुमची फौज तुमच्यावरच उलटलीय."

"माझ्यावर? मी काय वाकडं केलं तिचं?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. पण राग कमी करा. चिडचिडीने हे वाढतं."

"आणि मला हाज्जा नका म्हणू. मी अजून हजला गेलेले नाही."

"बघा," डॉक्टर मेतवल्लीकडे बघून हसले, "हेच म्हणतोय मी."

मेतवल्लीही हसला. निघताना डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत थांबवून घेतलं. औषधं कशी द्यायची ते सांगत असतील, असं समजून आम्ही दोघी बाहेर बाकावर बसून राहिलो.

त्यानंतर कित्येक वर्षं ती कॉर्टिसोनच्या गोळ्या घेत होती, आणि शिवाय आठवड्याची एक पिवळी गोळी. चेहरा फुगून गोल झाला. शेजारणी म्हणायच्या, "माहेरचं अन्न मानवलं हो तफीदाला!" हात मात्र तसेच. आणि गावातला जो तो तिला शहाणपण शिकवायचा. मशिदीतले शेख सांगायचे, राग आला की पाणी पी, बसून घे. चहावाला सांगायचा, "एवढी ओरडू नकोस, बाई, आतून जळतेस तू." मेतवल्ली तर रोजच. जेवताना तिने रोटीचा तुकडा मोडताना बोटं दुखून तोंड वाकडं केलं, की हा म्हणायचा, "ताई, तुला किती वेळा सांगितलं, राग सोड. तुझं तूच स्वतःला खातेस."

एका रमजानमध्ये तिने मनावर घेतलं. महिनाभर कुणाला उलटून बोलली नाही. गिऱ्हाइकाने भाव पाडला, गप्प. शेजारणीचं कोंबडं आमच्या अंगणात घाण करून गेलं, गप्प. मला तर भीतीच वाटायला लागली. ईदच्या सकाळी ती उंबऱ्यावर बसली होती. मी तिला नवे मोजे घालायला वाकले, तर दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत ठिपक्यांनी भरलेले. आजवर एवढे कधीच उठले नव्हते.

"बघ," ती म्हणाली. "महिनाभर मुकी राहिले मी. आता हे कुणाच्या रागाने आलं, सांग."

मी मोजे हळूच वर ओढले.

मग घोट्याच्या वर एक ठिपका फुटला आणि त्याची जखम झाली. ती भरेना. तळव्यांना आग आग व्हायची, ती पाय भिंतीला लावून पडायची. हिल्मींनी कॉर्टिसोन वाढवलं. माझी मावसबहीण मनसूरा या शहरात राहते, ती म्हणाली, "इथल्या मोठ्या हॉस्पिटलात आण तिला. नवी डॉक्टरबाई आहे, बोलून तरी घेते." मेतवल्ली नको म्हणाला. हिल्मी काय कमी आहेत का, शहरात जाऊन काय वेगळं सांगणार आहेत, मासे कोण विकणार. मी म्हटलं, "तू येऊ नकोस. मी नेते." तेव्हा तो आला. का आला, ते मला नंतर कळलं. आम्हाला एकटं पाठवायची त्याला भीती वाटत होती.

डॉक्टरबाईचं नाव रबाब. माझ्या मुलीपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी असेल. तिने जमिनीवर बसून तफीदाचे पाय मांडीवर घेतले. ठिपके अंगठ्याने दाबून बघितले. "थंडीत वाढतात?" "हो." "बर्फात हात घातल्यावर बोटं पांढरी पडतात?" "पडतात." मग तिने एकदम विचारलं, "लहानपणी सुया टोचल्या होत्या का? कालव्याच्या रोगावर, बिलहार्सियावर?"

तफीदा हसली. "आमच्या वयाच्या कुणाला नाही टोचल्या? शाळेच्या अंगणात रांग लावायचे. काचेची पिचकारी, स्टोव्हवर पातेलं, त्यात पाणी. सुई पाण्यात बुडली न बुडली की पुढच्याच्या दंडात. मुलं ओकायची. जो रडणार नाही त्याला खजूर. मला दर वेळी मिळाला."

रबाब हसली नाही. "व्हायरस सीची, म्हणजे त्या काविळीच्या विषाणूची, तपासणी कधी केली होती?"

"कसली? नाही बाई."

"केली होती," मागून मेतवल्ली म्हणाला.

आम्ही दोघींनी वळून बघितलं. तो दाराशी उभा होता, हातातली टोपी चुरगाळत.

"म्हणजे... हिल्मी डॉक्टरांनी केली होती. पहिल्याच वेळी. आहे म्हणाले. पण ते म्हणाले, निम्म्या गावाला आहे, त्याचं काही नसतं. सांध्यांचं वेगळं आहे."

बाहेर कुणाचंतरी पोर रडत होतं. रबाबने आमच्या पिशवीतून काढलेलं त्या पिवळ्या गोळीचं पाकीट हातात धरलं होतं. ते उलटसुलट करून तिने टेबलावर ठेवलं, जरा जोरातच.

"ही गोळी," ती म्हणाली, "यकृताला आधीच रोग आहे अशा माणसाला देत नाहीत." मग बहुधा माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने आवाज खाली आणला आणि तफीदालाच उद्देशून बोलू लागली. मेतवल्लीकडे तिने पाहिलंही नाही. "मावशी, नीट ऐका. हा विषाणू त्या सुयांमधून आला असणार. तो यकृतात घर करून बसतो. तुमचं शरीर त्याला मारायला प्रतिपिंडं तयार करतं. विषाणू मरत नाही, म्हणून शरीरही थांबत नाही. एवढी वर्षं लढता लढता त्यातली काही प्रतिपिंडं भलतीच निघतात. ती तुमच्याच दुसऱ्या प्रतिपिंडांना जाऊन चिकटतात. थंडीत त्यांचा साका होतो आणि तो बारीक रक्तवाहिन्यांत अडकतो. तेच हे ठिपके. तीच तळव्यांची आग, तेच सांधे. संधिवाताची तपासणी 'आहे' आली, तीही त्यांच्यामुळेच."

"म्हणजे माझं शरीर माझ्यावर उलटलं नव्हतं?"

"उलटलंय. पण उगाच नाही. घरात चोर शिरला आणि कुणी त्याला बाहेर काढलंच नाही, तर अंधारात काठ्या घरच्यांनाही लागणारच."

तफीदाने आपल्या पायांकडे बघितलं. मग तिने विचारलं, "आणि राग?"

"कसला राग?"

"माझा. माझ्या रागाने झालं नाही ना हे?"

"रागाने?" रबाब खरोखर गोंधळली. "नाही. असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

तफीदाने मान वळवली. भावाकडे बघितलं फक्त. मी त्या घरात इतकी वर्षं काढली, पण तिचा तसा चेहरा कधी बघितला नव्हता. त्यात आरडाओरडा नव्हता.

परतताना मायक्रोबसमध्ये ती खिडकीशी बसली. घरात शिरल्यावर तिने काळी ओढणी काढली, घडी घातली, आणि मग म्हणाली, "बोल."

"ताई, काय बोलू?" मेतवल्ली म्हणाला. "तेव्हा औषध होतं का त्याच्यावर? वर्षभर सुया घ्यायच्या. चहावाल्याच्या भावाने घेतल्या, हाडाचा सापळा होऊन मेला तो. हिल्मी म्हणाले, तिला सांगून काय उपयोग, उगाच घाबरेल. आणि बाजारात कळलं असतं तर? कुणी मासा घेतला असता तुझ्याकडून? आपल्या पोरीचं, रीहामचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी काय म्हटलं असतं?"

"म्हणजे मासे वाचवलेस तू."

"ताई, तसं नाही..."

"आणि भाचीचं लग्न वाचवलंस. बरं केलंस. पोरगी सुखात आहे. मग मला गप्प बसून मरू द्यायचं होतंस ना! वर रोज रोटी मोडताना मला काय सांगत होतास? राग सोड. तुझं तूच स्वतःला खातेस. मला वाटायचं, खरंच माझंच काही चुकतंय. मी नमाज पढताना माफी मागायची, मेतवल्ली! माझ्या तोंडाची, माझ्या जिभेची माफी मागायची. अल्लाला काय वाटलं असेल? त्याला माहीत होतं, तुला माहीत होतं, त्या चष्मेवाल्याला माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं, जिचं रक्त आहे तिला!"

ती आता ओरडत होती, गल्लीत माणसं थांबली होती. मेतवल्ली म्हणाला, "हळू बोल, लोक ऐकताहेत." हे त्याने म्हणायला नको होतं. तिने चुलीवरची किटली उचलून अंगणात भिरकावली. चहा भिंतीवर उडाला.

मीही काही शांत बसले नव्हते. "आणि मी?" मी म्हटलं. "मी तुझ्या शेजारी झोपते. मी तिच्या जखमा धुते. मलाही सांगितलं नाहीस? हातमोजे तरी घातले असते मी!" त्या दिवशी मी त्याला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वयंपाकघर कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला होता. तफीदाने मासे मांडले नाहीत. आपली जस्ताची घमेली पालथी घातली, त्यावर उभी राहिली आणि पुलापलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका! माझ्या रक्तात व्हायरस सी आहे. शाळेच्या अंगणात टोचलेल्या सुयांनी आलाय. माझे हातपाय सुजतात ते त्याच्यामुळे. रागाने नाही. पुन्हा कुणी मला राग सोड म्हणालं, तर त्याच्या तोंडात मी मासा कोंबेन, खवल्यांसकट!"

शेजारच्या पाटीवरून मासा घेतलेली एक बाई तो परत ठेवायला लागली. तफीदा तिच्यावर खेकसली, "ठेवू नकोस! मासा खाऊन होत नाही हे. माझ्या हाताला हात लावूनही होत नाही. सुईने होतं. कुणाच्या रक्तातून. घे तो मासा आणि घरी जाऊन तळ!"

मग तिने विचारलं, "त्या रांगेत अजून कोण कोण होतं? पाय दाखवा."

कांदे विकणारी नईमा पुढे आली. जाडजूड बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने झगा पोटरीपर्यंत वर केला. तिच्याही घोट्यांवर तेच ठिपके होते. "मलाही हिल्मींनी संधिवातच सांगितलाय," ती म्हणाली. "मला म्हणाले, तुम्ही काळजी फार करता."

"तुला काळजी, मला राग!" तफीदा म्हणाली. "त्या माणसाकडे एकेकीसाठी एकेक पाप तयार आहे. चल."

आम्ही निघालो. तफीदा, नईमा, मी आणि बाजारातल्या आणखी काहीजणी. कुणाच्या पायांवर ठिपके होते, कुणाच्या नव्हते, पण शाळेतल्या त्या रांगेत सगळ्या उभ्या राहिल्या होत्या. हिल्मींचा दवाखाना भरलेला होता. कंपाउंडर म्हणाला, नंबर लावा. तफीदा म्हणाली, "माझा नंबर लागून खूप वर्षं झाली," आणि दार ढकलून आत गेली. दार तिने मुद्दाम उघडं ठेवलं.

हिल्मी टेबलामागे बसले होते. आधी त्यांनी ओळखलंच नाही. मग म्हणाले, "या हाज्जा, बसा."

"बसायला नाही आले. मला व्हायरस सी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेरचे रोगी माना वळवून ऐकत होते. "दार लावा. आपण शांतपणे बोलू."

"दार उघडंच राहील. माहीत होतं?"

"तुमच्या भावाला मी सांगितलं होतं."

"भावाचं यकृत आहे का ते?"

"हाज्जा, त्या काळी जे औषध होतं त्याने माणसांचे रोगापेक्षा जास्त हाल व्हायचे. निम्म्यांना गुण यायचा नाही. मी प्रत्येकाला सांगत बसलो असतो तर सगळा तालुका घाबरून मेला असता. मी तुमचे सांधे सांभाळत होतो."

"माझी फौज माझ्यावर उलटलीय, असं सांगत होता. शत्रू कोण होता ते सांगितलं नाहीत. तुम्हाला ठाऊक असून!"

"दोन्हींचा संबंध इतका स्पष्ट नव्हता," ते म्हणाले. मग थोडं चिडून, पहिल्यांदाच तो मऊ आवाज टाकून ते बोलले, "तुम्हाला काय वाटतं, मी परक्या देशातून आलोय? मी इथलाच आहे. मीही त्याच रांगेत उभा होतो. मलाही त्याच सुया टोचल्यात. मलाही आहे. होता."

तफीदाने शेवटचा शब्द बरोबर पकडला.

"होता?"

ते टेबलावरच्या पेनाशी खेळू लागले.

"म्हणजे गेला. कसा गेला?"

"नव्या गोळ्या आल्यात. तोंडाने घ्यायच्या."

"कधी घेतल्या?"

"गेल्या वर्षी."

"गेल्या वर्षी," तफीदा म्हणाली. "गेल्या वर्षी मी तुमच्यासमोर इथे बसले होते. जखम दाखवायला. तुम्ही ती बघितलीत, कॉर्टिसोन वाढवलंत आणि मला म्हणालात, हाज्जा, राग कमी झाला की नाही? तेव्हा तुमच्या पोटात औषध होतं. आणि माझ्यासाठी एक शब्द निघाला नाही तुमच्या तोंडातून? एक शब्द? 'जा, गोळ्या आल्यात' एवढं?"

"माझ्याकडे शेकडो रोगी आहेत. कुणाकुणाचं लक्षात..."

"स्वतःचं राहिलं लक्षात!"

मला वाटलं, ती टेबलावरचं काहीतरी उचलून फेकणार. नईमालाही वाटलं असावं, कारण तिने मागून तिचा दंड धरला. पण तफीदा वळली आणि बाहेर बसलेल्या लोकांना म्हणाली, "सांधे दुखताहेत ना? आधी व्हायरसची तपासणी मागा. तोंडाने मागा, भावाला विचारू नका, नवऱ्याला विचारू नका. यांनी स्वतःची केली, औषध घेतलं, बरे झाले. आता कुणी सांगितलं की तुम्ही काळजी करता, तुम्ही चिडता, तर विचारा, 'तुम्ही काय करता, डॉक्टरसाहेब?'"

एक म्हातारा उठला, त्याच्यामागे अजून दोघं. बाकीचे बसून राहिले. हे मी खरं तेच सांगते, सगळा दवाखाना काही रिकामा झाला नाही. हिल्मींनी माफी मागितली नाही. पुढे म्हणे त्यांनी जुन्या रोग्यांना तपासणीला पाठवायला सुरुवात केली. नईमाला त्यांच्या कंपाउंडरचा फोन आला, तेव्हा तिच्या गोळ्या संपतही आल्या होत्या.

तफीदाने गोळ्या घेतल्या. तीन महिने. सरकारी केंद्रावर लांबच लांब रांग असायची. पुन्हा रांग, ती म्हणायची, पण या वेळी खजूर नको, पावती द्या. ती पिवळी गोळी रबाबने पहिल्याच दिवशी बंद केली होती, कॉर्टिसोन हळूहळू उतरवलं. घोट्याची जखम भरली. नंतरच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. "गेला," रबाब म्हणाली, आणि तफीदाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या पोरीच्या डोक्यावरूनही तिने कधी तसा फिरवला नव्हता.

आम्हाला वाटलं, संपलं. पण पुढच्या थंडीत ठिपके परत आले. कमी होते, फिके होते, पण आले. तफीदा अशी भडकली की चालत्या मायक्रोबसमध्येच ड्रायव्हरशी भांडली आणि रबाबच्या खोलीत शिरली ती ओरडतच. "गेला म्हणालीस ना?"

"विषाणू गेलाय, मावशी. पण ती प्रतिपिंडं लगेच थांबत नाहीत. शरीराला एवढ्या वर्षांची सवय झालीय. काहींची वर्षा-दोन वर्षांत थांबतात. काहींची राहतात."

"आणि यकृत?"

"निबर झालंय. ते पूर्ण मऊ होणार नाही. दर सहा महिन्यांनी फोटो काढावा लागेल. चुकवायचा नाही. आणि तळव्यांची आग बहुतेक राहील."

"म्हणजे चोर गेला, पण घराची नासधूस राहिली."

रबाबने पुन्हा खाली बसून तिचे पाय बघितले. मला ती पोरगी त्यासाठीच आवडते, खोटा धीर देत नाही.

तफीदाने बर्फ सोडला. पुलाजवळच्या त्याच जागेवर तिने मोठी कढई आणि शेगडी मांडली, आता ती मासे तळून विकते. शेगडीजवळ हात गरम राहतात. सुरुवातीला काहीजण लांबून जायचे, नाकाला ओढणी लावून, जणू कढईतून काही उडून येणार होतं. ती त्यांच्या नावांनी हाका मारायची, आणि त्यांच्या बापाच्या नावांनी पण. आता बहुतेक परत आलेत. वासाने येतात.

आमच्या घरात मात्र ती राहिली नाही. घराला लागूनच चाऱ्याची खोली होती, गल्लीत दार असलेली. ती तिने रिकामी करून घेतली, चुना मारला आणि तिथे राहायला गेली. मेतवल्ली दाराशी जाऊन उभा राहिला, एकदा नाही, किती वेळा. "ताई, माफ कर." ती आतून कडी लावून घ्यायची. शेख समजूत घालायला आले, रक्ताचं नातं, क्षमा करणाऱ्याला मोठं पुण्य. ती म्हणाली, "शेखसाहेब, माझं रक्त तपासून बघा, त्यात अजून काय काय फिरतंय. क्षमा सापडली तर सांगा." ते परत गेले.

मग तो उन्हाळा आला, जेव्हा गावोगावी तंबू ठोकून सगळ्यांचीच तपासणी सुरू झाली. बोटाला टोचायचं, थेंब घ्यायचा, थोडा वेळ थांबायचं. माझं झालं. नाही निघालं. मी घरी येऊन मेतवल्लीला म्हटलं, "तू जाऊन ये." तो म्हणाला, जाईन. दुसऱ्या दिवशी म्हणाला, जाईन. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बहीण ज्या शाळेत होती, त्याच शाळेत हाही होता, दोन वर्गांनी मागे. स्वतःच्या रक्ताकडे बघायची हिंमतच त्याने इतकी वर्षं केली नव्हती. बहिणीचं लपवलं ते मासे विकले जावेत म्हणून, लग्न व्हावं म्हणून, सगळं खरं. पण तिला सांगितलं असतं, तर ती लगेच म्हणाली असती, "आणि तुझं?"

मी हे तफीदाला सांगितलं. ती कढईत मासा सोडत होती. झारा तसाच माझ्या हातात देऊन ती गेली. मेतवल्ली चहाच्या दुकानात बसला होता. तिने त्याच्या गलाबियाची, त्या पायघोळ सदऱ्याची बाही धरली आणि भर बाजारातून त्याला ओढत तंबूत नेलं. तो म्हणत होता, "ताई, सोड, मी येतो, लोक बघताहेत." लोक बघतच होते. आणि ती अजून त्याच्याशी बोलत नव्हतीच.

निघाला. त्यालाही निघाला.

तो तंबूच्या मागे जमिनीवर बसून रडायला लागला, लहान मुलासारखा नाक ओढत. मी जवळ गेले नाही. माझ्याही मनात अजून खूप काही खदखदत होतं आणि आहे. तफीदा त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, त्याचं रडणं थांबेपर्यंत. मग मला म्हणाली, "त्याला सांग, कागद घेऊन उद्या केंद्रावर जायचं. आणि हिल्मीकडे गेला तर तंगडी मोडीन."

आता मेतवल्लीच्या गोळ्या चालू आहेत. तिच्याएवढं त्याचं यकृत खराब झालेलं नाही, सांधेही ठीक आहेत. का, ते रबाबलाही नक्की सांगता येत नाही. सगळ्यांनाच होतं असं नाही, म्हणते. तफीदाला हे कळलं तेव्हा ती हसली, वाईट हसली. "रागीट नाही ना तो," म्हणाली.

ती त्याच्याशी बोलत नाही. ईदलाही बोलली नाही. आमच्या घरचा चहा पीत नाही. पण रोज सकाळी बाजारात निघताना शेगडी डोक्यावर घेऊन ती आमच्या दाराशी थांबते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते, "रावहिया! घेतली का त्याने?"

मी आतून ओरडते, "घेतली, वन्सं!"

"तुझ्यासमोर?"

"माझ्यासमोर."

"तोंड उघडून बघितलंस?"

तो समोरच बसलेला असतो, पाण्याचा पेला हातात घेऊन. तो तोंड उघडतो. मी बघते.